गिटार न येणारा गिटारकार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या तरुण पोरांनी ज्या वाद्यावर जीव टाकला, ते वाद्य म्हणजे विजेची गिटार. वर दोन शिंगे, मध्ये बारीक कंबर, हिरड्यांसारख्या ओळीने बसवलेल्या खुंट्या आणि पोटाशी खोलगट कापलेले लाकूड, हा तिचा घाट आता आपल्याकडच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रापासून ते लग्नाच्या बँडपर्यंत सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. गंमत अशी की, हा घाट ज्याच्या कारखान्यात ठरला त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणे दूरच राहिले, तिच्या सहा तारा सुरात लावणेही त्याला जमत नसे. लहानपणी थोडा पियानो आणि थोडा सॅक्सोफोन, एवढीच त्याची संगीताची शिदोरी. शिक्षणाने तो हिशेबनीस होता आणि आवडीने रेडिओ दुरुस्त करणारा.

असा माणूस वाद्यांच्या दुनियेत एवढा मोठा कसा झाला, हे कोडे वाटते. पण त्याचे आयुष्य नीट पाहिले की उत्तर सापडते. आपल्याला वाजवता येत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून तो वाजवणाऱ्यांना विचारी, त्यांची कुरकुर ऐकून घेई आणि लाकूड पुन्हा तासायला घेई. चांगली गिटार कोणती, या प्रश्नाचे उत्तर कारखानदाराजवळ नसते, ते वाजवणाऱ्याच्या हातात, खांद्यात आणि कानात असते, हे त्याने फार लवकर ओळखले होते.

संत्र्याच्या बागेतला मुलगा

क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर हे त्याचे पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मध्ये त्याच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आठ वर्षांचा असताना डोळ्यात गाठ झाली, डावा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीतून तो सुटला तो या डोळ्यामुळे.

तेराचौदाव्या वर्षी त्याला नाद लागला रेडिओचा. त्याच्या मामाचे मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान होते. मामाने जुन्या भागांतून एक रेडिओ जुळवून दुकानात लावला होता आणि त्याचा मोठा आवाज ऐकून हा पोरगा थक्क झाला. तेव्हापासून शाळेतल्या मित्रांचे रेडिओ उघडून बसणे हा त्याचा उद्योग झाला. १९२८ साली शाळा संपली. कॉलेजात मात्र त्याने विषय घेतला हिशेबाचा. विजेचे शास्त्र तो कुठल्याही वर्गात शिकला नाही. ते सारे हाताने आणि पुस्तके चाळून मिळवलेले.

हिशेबनिसाची नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, अशी आपल्याकडे जुनी समजूत. १९३०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या मंदीने ती खोटी ठरवली. बर्फाच्या कंपनीत पोचवण्याचे काम आणि मग वह्या लिहिण्याचे काम, त्यानंतर राज्याच्या रस्तेबांधणी खात्यात हिशेबनीस, त्यानंतर एका टायर कंपनीच्या हिशेबखात्यात, असा प्रवास झाला. खात्यातली नोकरी मंदीत गेली, टायर कंपनीतली सहा महिन्यांत गेली. १९३४ साली एस्थरशी लग्न झाले होते. घर चालवायचे होते. तेव्हा १९३८ साली त्याने ६०० डॉलर कर्जाऊ घेतले आणि फुलर्टनला परत येऊन रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे कर्जाचा आकडा दिसला की नजर तिथेच थबकते. दोनदा नोकरी गेलेला, एका डोळ्याचा, संगीताचे शिक्षण नसलेला तरुण, आणि तारण काय, तर हातातली कला. अशा अर्जावर शेरा काय मारावा, हा कुणाही अधिकाऱ्याला पडणारा प्रश्न. पण या ६०० डॉलरांचे पुढे जे झाले, ते कुठल्याही ताळेबंदात आधी दिसण्यासारखे नव्हते.

दुकानात येणारी गिऱ्हाइके

फेंडरच्या दुकानात लोक रेडिओ आणत, तबकड्या विकत घेत. गावोगाव नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणारे वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर आणू लागले. त्या काळी तिकडे मांडीवर आडवी ठेवून लोखंडी पट्टीने वाजवायच्या हवाईयन गिटारीची चलती होती. हे वाद्य आपल्यालाही परके नाही. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी हवाईयन आणि विजेच्या गिटारीवर वाजवलेली सिनेमातली गाणी आपल्या रेडिओवर वर्षानुवर्षे लागत असत.

अशा वादकांपैकी डॉक कॉफमन याच्याशी लिओचे जमले. १९४५ साली दोघांनी मिळून के अँड एफ नावाची कंपनी काढून हवाईयन गिटारी आणि अ‍ॅम्प्लिफायर करायला सुरुवात केली. वर्षभरात कॉफमन बाजूला झाला आणि लिओने एकट्याने, आपल्या आडनावाने धंदा पुढे नेला. या भागीदारीच्या आधीच दोघांनी पिकअप तपासण्यासाठी घन लाकडाची एक ओबडधोबड गिटार केली होती. ती गावातले वादक कार्यक्रमासाठी भाड्याने नेऊ लागले आणि तिच्यासाठी नंबर लागू लागले. प्रयोगाचे खेळणे म्हणून केलेली वस्तू लोक मागून नेतात, याचा अर्थ या हिशेबनिसाने बरोबर लावला.

इथे थोडे विजेच्या गिटारीविषयी सांगायला हवे. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारीला पोकळ पेटी असते. तारेचा आवाज मोठा करण्याचे काम ती पोकळी करते. विजेच्या गिटारीत तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. हाच पिकअप. पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवून कर्ण्यातून बाहेर काढतो. पोकळ गिटारीला असा पिकअप लावला आणि आवाज वाढवला की कर्ण्याचा आवाज परत पेटीत शिरून तिलाच हादरवतो आणि शिट्टी सुरू होते. सभेत माईक किंचाळतो, तसाच हा प्रकार. धड भरीव लाकडाचे केले तर ही शिट्टी बरीच आटोक्यात येते.

भरीव गिटार करणारा लिओ पहिला नव्हता. लेस पॉल, पॉल बिग्सबी अशांनी आधी तसे प्रयोग केले होते. लिओने काय केले, तर ती कारखान्यात भराभर बनेल, मोडली तर दुरुस्त होईल आणि साध्या वादकाच्या खिशाला झेपेल अशी केली. धड म्हणजे जवळजवळ एक फळीच. दांडी मेपलच्या लाकडाची आणि ती सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी धडाला जोडलेली. दांडी वाकली, झिजली, तर स्क्रू काढा, दुसरी बसवा. जुन्या परंपरेतल्या गिटार बनवणाऱ्यांनी या फळीला नाके मुरडली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला मात्र जी वस्तू उघडता येत नाही ती वस्तूच अपुरी वाटत असावी.

१९५० साली ही गिटार बाजारात आली. मेपलची दांडी आतून सळईच्या आधाराशिवाय टिकेल, हा लिओचा अंदाज मात्र चुकला. सुरुवातीच्या काही दांड्या वाकल्या, तेव्हा त्याने आत घट्ट-सैल करता येणारी पोलादी सळई घातली. नावाचाही घोळ झाला. ब्रॉडकास्टर हे नाव ठेवले, तर ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम आधीपासून बाजारात होते. तक्रार आली. तयार लेबले फुकट घालवणे हिशेबनिसाच्या जिवावर आले असावे. १९५१ साली काही महिने लेबलावरचे मॉडेलचे नाव कात्रीने कापून नुसते फेंडर हे नाव लावून गिटारी विकल्या गेल्या. पुढे टेलिव्हिजनच्या नव्या नवलाईवरून टेलिकास्टर हे नाव पडले. त्या बिननावाच्या गिटारींसाठी आज संग्राहक भरमसाट पैसे मोजतात.

त्याच १९५१ साली त्याने विजेची बास गिटार काढली. तोवर बास म्हणजे माणसाएवढे उभे वाद्य. ते गाडीच्या टपावर बांधून न्यायचे आणि कार्यक्रमात इतरांच्या गलक्यात ते ऐकूही यायचे नाही. नव्या बासच्या दांडीवर पडदे होते, म्हणून बोट नेमक्या सुरावर पडे, आणि म्हणूनच तिचे नाव प्रिसिजन.

तक्रारींतून घडलेली गिटार

टेलिकास्टर खपू लागली, तसे वादक तक्रारी घेऊन येऊ लागले. दुसरा कुणी कारखानदार खपाच्या आकड्याकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. लिओ ऐकत बसला. बिल कार्सन नावाचा वादक होता. त्याला या फळीची कड रात्रभर बरगड्यांत टोचे. रेक्स गॅलियन या दुसऱ्या वादकाचीही हीच मागणी होती की, गिटार अंगाला बसायला हवी. मग मागची बाजू पोटाशी खोलगट तासली गेली आणि पुढची बाजू हात टेकतो तिथे उतरती झाली. टेलिकास्टरच्या घोडीवर सहा तारांसाठी तीनच आधार होते, म्हणजे दोन तारांत एक. एक तार सुरात आणावी तर शेजारची बिघडे. नव्या गिटारीत प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार मिळाला. तारा एकदम ढिल्या करून सूर लहरता यावा यासाठी दांडा हवा होता. त्याची पहिली रचना मनासारखी उतरली नाही, ती मोडीत काढून पाठीत स्प्रिंगा बसवलेली दुसरी रचना केली गेली. १९५३ साली कारखान्यात आलेला फ्रेडी टॅव्हारेस हा जन्माने हवाई बेटांवरचा, स्वतः कसलेला वादक. आकाराची रेखाटने त्याच्या हातची.

१९५४ साली हे सगळे एकत्र येऊन जी गिटार झाली तिचे नाव स्ट्रॅटोकास्टर. दांड्यासह तिची किंमत होती २४९ डॉलर ५० सेंट. आज सत्तर वर्षांनंतरही तिच्या घाटात फारसा बदल झालेला नाही.

कारखान्यात कोणताही नवा नमुना तयार झाला की लिओ तो वादकांच्या हाती देऊन रात्री त्यांच्या कार्यक्रमाला जाऊन बसे. वाजवता वाजवता कुठे हात अडखळतो, कुठे मान वळते, हे पाही. कधी कधी गाणे चालू असतानाच मंचावर चढून अ‍ॅम्प्लिफायरची बटणे फिरवू लागे, अशा आठवणी त्याच्या ओळखीच्या वादकांनी सांगून ठेवल्या आहेत.

ज्याची त्याची गिटार

लिओची स्वतःची आवड काउबॉय पद्धतीच्या गाण्यांची आणि हवाईयन गिटारीची. स्वच्छ, चांदीच्या घंटीसारखा आवाज त्याला हवा असे. पण वाद्य एकदा दुकानाबाहेर पडले की ते वाजवणाऱ्याचे होते. जिमी हेंड्रिक्स डावखुरा. त्याने उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरली, तारा उलट क्रमाने लावल्या आणि १९६९ साली वुडस्टॉकच्या मैदानावर तिच्यातून असे आवाज काढले की जे लिओच्या कल्पनेतही नसतील. स्ट्रॅटोकास्टरवर तीन पिकअप होते आणि ते निवडणारे बटण तीन जागांचे होते. वादकांनी ते बटण दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवले, तर दोन पिकअप एकदम बोलू लागले आणि एक निराळाच गोड, किंचित नाकातला आवाज मिळाला. ही खटपट इतकी सार्वत्रिक झाली की १९७७ पासून कंपनीनेच पाच जागांचे बटण बसवले.

एरिक क्लॅप्टनची कथा तर नमुनेदार आहे. १९७० साली त्याने अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका दुकानात जुन्या सहा स्ट्रॅटोकास्टर एकदम विकत घेतल्या. तीन मित्रांना दिल्या: जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड. उरलेल्या तिघींतले उत्तम ते निवडले, एकीचे धड, दुसरीची दांडी असे करून एक काळी गिटार जुळवली आणि पुढे कितीतरी वर्षे तीच वाजवली. २००४ साली ती लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. दांडी चार स्क्रूंनी जोडायची, हा लिओचा काटकसरीचा निर्णय नसता तर ही गिटार जन्मालाच आली नसती.

आता हेही खरे की, सगळ्यांना फेंडरच हवी असे कधीच नव्हते. गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉलच्या नावाची भरीव गिटार काढली. महोगनीचे जाड धड, वर मेपलचा थर, चिकटवलेली दांडी. तिच्या तारांची मापाची लांबी पावणेपंचवीस इंच, फेंडरची साडेपंचवीस. हा पाऊण इंचाचा फरक कागदावर किरकोळ, पण लांब तार अधिक ताणावी लागते, पडदे जरा दूर दूर पडतात, आणि लहान पंजाच्या माणसाला ते लगेच जाणवते. १९५७ पासून लेस पॉलवर दोन वेढ्यांचा पिकअप आला. एकेरी वेढ्याचा पिकअप घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो. दुहेरीत ती गुणगुण एकमेकीला मारते आणि आवाज जाड, गोलाई असलेला येतो. कुणाला फेंडरची धार आवडते, कुणाला गिब्सनचा भरदार गळा. यात खरे-खोटे काही नाही. गवयाची पट्टी जशी त्याची त्याची, तसेच हे.

आपल्याकडे मिरजेला तंबोरा घ्यायला गेले तर गाणार कोण, बाई की पुरुष, पट्टी कोणती, हे आधी पाहावे लागते. विजेची गिटार घेताना मात्र लोक रंग बघतात आणि नाव बघतात. घरातल्या मुलामुलीने हट्ट धरला असेल तर त्यांनाच दुकानात न्यावे. बसून आणि मग पट्टा गळ्यात घालून उभे राहून, दोन्ही रीतींनी गिटार पंधरावीस मिनिटे हाती ठेवावी. बरीच गिटारे साडेतीन किलोच्या आसपास असतात, काही चार किलोंच्या वर जातात, आणि तासाभराने तो फरक खांदा सांगतो. दांडी पंजात भरते की निसटते, अंगठा कुठे येतो, हे पाहावे. सर्व गिटारी एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकाव्यात, नाहीतर तुलना गिटारींची न होता यंत्रांची होते. तारा उंच वाटल्या तर लगेच नाकारू नये. घोडीवरचे आधार आणि दांडीतली सळई फिरवून ते जमवता येते. धडाचे वजन आणि दांडीचा घेर मात्र नंतर बदलत नाही. ज्यांना कुठले गाणे वाजवायचे हेच अजून ठरलेले नाही, त्यांनी महाग वस्तूच्या मागे न लागता हाताला हलकी आणि सुरात टिकणारी घ्यावी.

विकलेले नाव

१९५५च्या सुमारास लिओला सायनसचा जंतुसंसर्ग जडला. तो काही केल्या हटेना. वर्षे गेली, प्रकृती खालावत गेली आणि आपण आता फार दिवस जगत नाही, असे त्याच्या मनाने घेतले. मूलबाळ नव्हते. शेकडो माणसे कामावर होती, मागणी पुरी करता करता कारखान्याच्या इमारती वाढत होत्या. अखेर विक्रीचा निर्णय झाला. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या रेडिओ आणि टेलिव्हिजनच्या बलाढ्य कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. आदल्या वर्षी याच कंपनीने न्यूयॉर्क यँकीज या नामांकित बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाखांना घेतला होता. त्याहून जास्त रक्कम एका रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या कारखान्याला मिळाली.

पैसा हाती आला आणि नियतीने चिमटा काढला. विक्रीनंतर काही काळाने लिओने डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरांनी पेनिसिलिनचा जबर मारा केला आणि दहा वर्षांचा आजार गेला. माणूस खडखडीत बरा झाला, पण कारखाना परका झालेला होता. करारानुसार दहा वर्षे त्याला याच धंद्यात स्पर्धेला उतरता येणार नव्हते. सल्लागार म्हणून नाव होते, पण सल्ला ऐकायचा की नाही हे आता दुसरे ठरवत होते. पुढच्या काळात गिटारींच्या दर्जाविषयी वादकांत कुरबुर वाढली आणि सीबीएसच्या आधीची गिटार म्हणजे अस्सल, असा बाजारात संकेतच रूढ झाला. दुकानादुकानांतून लटकणाऱ्या त्या गिटारींवर लेबल होते त्याच्याच आडनावाचे.

साठीकडे झुकलेल्या, पैशाला कमी नसलेल्या माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती. लिओ थांबला नाही. मुदतीच्या काळात जुन्या सहकाऱ्यांच्या म्युझिक मॅन या कंपनीमागे तो उभा राहिला, १९७५ साली तिचा अध्यक्ष झाला. १९७६ साली तिथून निघालेली स्टिंगरे ही बास गिटार नावाजली गेली. १९७९ साली एस्थर कर्करोगाने गेली. पंचेचाळीस वर्षांचा संसार संपला. त्याच सुमारास त्याने जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर जी अँड एल ही नवी कंपनी काढली. अक्षरे जॉर्ज आणि लिओ यांची. फेंडर हे नाव वापरायचा हक्क त्याला उरलेला नव्हता. कारखाना मात्र ज्या रस्त्यावर होता त्याचे नाव होते फेंडर अ‍ॅव्हेन्यू. १९८० साली फिलिसशी त्याने दुसरा विवाह केला.

१९८५ साली सीबीएसने फेंडर कंपनी बिल शुल्ट्झ यांच्या पुढाकाराने तिथल्याच काही कर्मचाऱ्यांना विकली. किंमत १ कोटी २५ लाख डॉलर, म्हणजे वीस वर्षांपूर्वी दिलेल्या रकमेपेक्षा ५ लाखांनी कमी. त्या वीस वर्षांत डॉलरचे मोल किती घटले हे लक्षात घेतले तर हा तोटा किती मोठा, हे सांगायला हिशेबनीस नको.

लिओला पुढे कंपवाताने गाठले. लोखंडी बारीक स्क्रू आणि केसासारखी तार यांच्याशी जन्मभर खेळलेले हात थरथरू लागले. तरी तो रोज कारखान्यात जात राहिला. पिकअपची चुंबके, घोडीचे आधार, दांडीचा कोन, हे सारे अजून सुधारता येईल असे त्याला वाटत असे. आपली आधीची गिटार त्याच्या लेखी कधीच अखेरची नव्हती; जग मात्र १९५४च्या त्या घाटापाशी थांबून राहिले.

२१ मार्च १९९१ रोजी लिओ फेंडर गेला. वय ८१. आदल्या दिवसापर्यंत तो कामावर जात होता. पुढच्या वर्षी रॉक संगीताच्या मानकऱ्यांच्या दालनात, हॉल ऑफ फेममध्ये, त्याचे नाव लागले. जी अँड एलच्या कारखान्यातली त्याची खोली त्याच्यामागे कितीतरी वर्षे जशीच्या तशी ठेवलेली होती: मेज, दिवा, हत्यारे आणि अर्धवट राहिलेले काम.